भुईमुगाच्या शेतातून मुख्यमंत्रिपदापर्यंत : जोहानेस ब्येल्के-पीटरसन आणि क्वीन्सलँडचे राज्य-राजकारण (१९४७-१९८७)

प्रास्ताविक

संघराज्याच्या अभ्यासात केंद्र आणि राज्य यांच्यातील अधिकारविभागणीची चर्चा विपुल प्रमाणात होते. त्या तुलनेत राज्याच्या अंतर्गत सत्तेवर कोणते नियंत्रण असते, ते कोणत्या संस्थांमार्फत चालते आणि त्या संस्था दुर्बल असतील तर काय घडते, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याचा १९६८ ते १९८७ हा कालखंड या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. या काळात एकच व्यक्ती राज्याच्या मुख्यमंत्रिपदी (तेथे या पदास प्रीमियर म्हणतात) सलग एकोणीस वर्षांहून अधिक काळ राहिली. जोहानेस ब्येल्के-पीटरसन हे त्या व्यक्तीचे नाव. ऑस्ट्रेलियात ते 'जो' या नावानेच ओळखले जात. जन्माने ते न्यूझीलंडचे, वंशाने डॅनिश, धर्माने ल्यूथरपंथी आणि व्यवसायाने भुईमूग उत्पादक शेतकरी होते.

त्यांच्या कारकिर्दीकडे पाहण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एका बाजूस कष्टाने वर आलेल्या, देवभीरू, विकासाचा ध्यास घेतलेल्या शेतकऱ्याची गाथा सांगितली जाते. दुसऱ्या बाजूस मतदारसंघांच्या अन्याय्य रचनेवर टिकलेल्या हुकूमशहाचे चित्र रंगवले जाते. प्रस्तुत निबंधाची भूमिका अशी की, ही दोन्ही चित्रे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. ज्या गुणांनी ते उत्तम शेतकरी ठरले, तेच गुण नियंत्रणाविना राज्यकारभारात उतरले तेव्हा त्यांचे दोषांत रूपांतर झाले. आणि हे नियंत्रण नाहीसे होण्याची प्रक्रिया त्यांच्या सत्तारोहणाच्या बरीच आधी, तीही त्यांच्या विरोधकांच्या हातून सुरू झाली होती.

किंगरॉय आणि जमीन

ब्येल्के-पीटरसन यांचा जन्म १३ जानेवारी १९११ रोजी न्यूझीलंडमधील डॅनेव्हर्क या गावी झाला. वडील ल्यूथरपंथी धर्मोपदेशक होते. १९१३ मध्ये हे कुटुंब क्वीन्सलँडमधील किंगरॉय परिसरात आले आणि तेथे त्यांनी 'बेथनी' नावाचे शेत उभारले. बालपणी झालेल्या पोलिओमुळे जो यांच्या चालण्यात कायमचे वैगुण्य राहिले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते शेतीच्या कामाला लागले. पुढे स्वतंत्रपणे शेती करताना सुमारे पंधरा वर्षे त्यांचा मुक्काम गायी दोहण्याच्या जुन्या गोठ्यात होता. ही हकीकत नंतरच्या काळात त्यांच्या प्रचारात वारंवार आली, परंतु ती प्रचारासाठी रचलेली नव्हती.

किंगरॉय हा भुईमुगाचा प्रदेश. तेथे शेती करावयाची तर प्रथम झाडोरा काढावा लागे. दोन बुलडोझरच्या मध्ये जहाजाच्या नांगराची जाड साखळी बांधून ती जमिनीवरून ओढत न्यावयाची आणि वाटेतील सगळी झाडे एका दमात मुळासकट उपटावयाची, ही पद्धत त्यांनी अवलंबली व कंत्राटी तत्त्वावर इतरांच्या जमिनीही साफ करून दिल्या. वैमानिकाचा परवाना मिळवून त्यांनी विमानातून गवताचे बी पेरण्याचा व फवारणी करण्याचा व्यवसायही केला. कुदळीने झाड काढणाऱ्याला प्रत्येक झाडाशी थांबावे लागते. साखळी ओढणाऱ्याला थांबावे लागत नाही. पुढील कारकीर्द समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

१९४६ मध्ये ते किंगरॉयच्या स्थानिक मंडळावर, म्हणजे शायर कौन्सिलवर निवडून आले आणि १९४७ मध्ये कंट्री पार्टीच्या वतीने नानँगो मतदारसंघातून राज्याच्या विधानसभेत गेले. १९५० पासून अखेरपर्यंत बरांबा हा त्यांचा मतदारसंघ राहिला. परदेशात जन्मलेल्या व्यक्तीच्या मार्गात नागरिकत्वाचा कोणताही अडसर आला नाही. ऑस्ट्रेलियन नागरिकत्व ही कायदेशीर संकल्पनाच २६ जानेवारी १९४९ रोजी अस्तित्वात आली. तत्पूर्वी न्यूझीलंडमध्ये जन्मलेला माणूस ब्रिटिश प्रजाजन म्हणून तेथे मतदारही होता आणि उमेदवारही.

येथे एक विरोधाभास नोंदवणे आवश्यक आहे. किंगरॉयच्या उत्तरेस मर्गन गावाजवळ चेरबर्ग ही मूळ रहिवाशांची सरकारी वसाहत होती व आहे. १९३० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत तिचे नाव बरांबा हेच होते. क्वीन्सलँडच्या निरनिराळ्या भागांतील मूळ रहिवाशांना विशेष कायद्यांखाली तेथे आणून ठेवले जाई. या लोकांना राज्याच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला तो १९६५ साली, ऑस्ट्रेलियातील सर्व राज्यांत शेवटी. दोन वर्षांचा असताना समुद्रापलीकडून आलेला मुलगा त्या परिसराचा आमदार झाला, आणि ज्यांच्या भाषेतून तेथील स्थळनामे आली त्यांना त्याच्या पहिल्या सात निवडणुकांत मतच नव्हते.

वारशाने मिळालेली यंत्रणा

क्वीन्सलँडचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाचपटीने. पण राजधानी ब्रिस्बेन आग्नेय कोपऱ्यात आणि लोकसंख्येचा मोठा भागही त्याच कोपऱ्यात. दूरच्या विरळ वस्तीला पुरेसे प्रतिनिधित्व मिळावे ही मागणी म्हणूनच तेथे सहज पटणारी होती. १९२२ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने विधान परिषद बरखास्त केली. तेव्हापासून क्वीन्सलँड हे ऑस्ट्रेलियातील एकमेव एकसदनी राज्य आहे. परिषद नामनियुक्त व प्रतिगामी होती हे खरे, परंतु तिच्या जागी समित्यांची किंवा अन्य देखरेखीची कोणतीही सक्षम व्यवस्था उभी राहिली नाही.

दुसरे पाऊलही मजूर पक्षाचेच. १९४९ मध्ये मुख्यमंत्री नेड हॅनलन यांच्या सरकारने राज्याचे चार विभाग पाडले व ग्रामीण विभागांत कमी मतदारांमागे एक जागा दिली. तेव्हा खाणी, रेल्वे आणि ऊसपट्ट्यातील कामगारांमुळे ग्रामीण भागात मजूर पक्ष बलवान होता. १९५० च्या निवडणुकीत विरोधी दोन पक्षांच्या एकत्रित मतांपेक्षा कमी मते मिळूनही त्याने बहुमत मिळवले. मात्र १९५७ मध्ये मुख्यमंत्री व्हिन्स गेअर यांच्या हकालपट्टीने पक्ष दुभंगला, सत्ता फ्रँक निकलिन यांच्या नेतृत्वाखालील कंट्री-लिबरल आघाडीकडे गेली, आणि मजूर पक्षाने स्वतःसाठी घडवलेले हत्यार प्रतिपक्षाच्या हाती पडले. राज्यशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण वारंवार द्यावे असे आहे.

ब्येल्के-पीटरसन या काळात मागील बाकांवर होते. १९६३ मध्ये त्यांना सार्वजनिक बांधकाम व गृहनिर्माण खाते मिळाले. १९६८ मध्ये निकलिन निवृत्त झाले. त्यांचे उत्तराधिकारी जॅक पिझी काही महिन्यांतच, ३१ जुलै १९६८ रोजी निधन पावले, आणि ८ ऑगस्ट रोजी उपनेते ब्येल्के-पीटरसन मुख्यमंत्री झाले. निवडणूक जिंकून ते या पदावर आले नव्हते. कुटुंबीयांच्या व स्वतःच्या शेअर-व्यवहारांवरून झालेली टीका आणि बोलण्यातील विस्कळीतपणा यांमुळे ऑक्टोबर १९७० मध्ये स्वपक्षीयांनीच त्यांना दूर करण्याचा प्रयत्न केला. त्यातून ते अगदी थोडक्यात बचावले.

प्रतिमेची घडण

या संकटानंतर दोन व्यक्ती महत्त्वाच्या ठरल्या. पक्षाध्यक्ष रॉबर्ट स्पार्क्स यांनी संघटनेची बांधणी केली, आणि माजी पत्रकार ॲलन कॅलहॅन यांनी वृत्तपत्रसचिव या नात्याने मुख्यमंत्र्यांचा प्रसिद्धीशी मेळ घालून दिला. अडखळत, वाक्य अर्धवट सोडून बोलण्याची त्यांची लकब आता साधेपणाची खूण मानली जाऊ लागली. पत्रकारांना माहिती देणे म्हणजे कोंबड्यांना दाणे टाकणे, असे ते म्हणत. आणि अडचणीचा प्रश्न आला की त्याची काळजी करू नका, हे ठरलेले उत्तर असे. पत्नी फ्लो यांच्या भोपळ्याच्या स्कोन या खाद्यपदार्थाची कीर्ती देशभर झाली. त्या स्वतः १९८१ ते १९९३ या काळात संघीय सिनेटच्या सदस्य होत्या, याची आठवण मात्र या पाककृतीपुढे फिकी पडते.

जुलै १९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा गोऱ्यांचा रग्बी संघ दौऱ्यावर आला असता वर्णभेदविरोधी निदर्शने रोखण्यासाठी त्यांनी राज्यात महिनाभरासाठी आणीबाणी घोषित केली. याच महिन्यात झालेल्या पोटनिवडणुकांत आघाडीला लाभ झाला. कठोरपणाला मतपेटीतून प्रतिसाद मिळतो, हा धडा त्यांनी येथे घेतला असे म्हणावयास आधार आहे. कारण १९७७ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, राजकीय मोर्च्यांवर बंदी घालताना याच अनुभवाची पुनरावृत्ती झाली. मोर्च्याची परवानगी नाकारल्यास दंडाधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय कायद्यातून काढून टाकण्यात आली व केवळ पोलिसांकडे अपील ठेवले गेले. २२ ऑक्टोबर १९७७ या एका दिवशी ब्रिस्बेनमध्ये ४०० हून अधिक लोकांना अटक झाली.

आकड्यांचा अर्थ

मतदारसंघांची नवी रचना १९७१ मध्ये झाली आणि विधानसभेच्या जागा ७८ वरून ८२ झाल्या. १९७२ च्या निवडणुकीत मजूर पक्षास सुमारे ४७ टक्के मते व ३३ जागा, लिबरल पक्षास २२ टक्के मते व २१ जागा, तर कंट्री पार्टीस अवघी २० टक्के मते व २६ जागा मिळाल्या. या आकड्यांवरून मजूर पक्षावर अन्याय झाला असा निष्कर्ष सामान्यतः काढला जातो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. सत्ताधारी दोन पक्षांच्या मतांची बेरीज ४२ टक्क्यांच्या आसपास होती, आणि उरलेल्या मतांपैकी मोठा वाटा मजूर पक्षातून फुटून निघालेल्या डेमोक्रॅटिक लेबर पार्टीचा होता. पसंतीक्रमाच्या पद्धतीमुळे तो आघाडीकडे वळत असे.

रचनेचा खरा परिणाम आघाडीच्या आत दिसतो. १९७४ मध्ये लिबरल पक्षास ३१ टक्के मते व ३० जागा मिळाल्या. नॅशनल पार्टीस (कंट्री पार्टीचे नवे नाव) २८ टक्के मते व ३९ जागा. शहरी लिबरलांना अधिक मते पडूनही मुख्यमंत्रिपद शेतकऱ्यांच्या पक्षाकडेच राहिले. त्या वर्षी गफ व्हिटलम यांच्या संघीय सरकारविरुद्धच्या लाटेत मजूर पक्षाचे केवळ ११ आमदार उरले व पक्षनेते पर्सी टकर यांनाही स्वतःची जागा राखता आली नाही. विरोधी पक्षाला लोक 'क्रिकेट संघ' म्हणू लागले. ही हार कोणत्याही रचनेत झाली असती. तिचे श्रेय वा दोष केवळ सीमारेषांना देणे हा सोयीचा इतिहास होय.

अर्थात पुढील काळात या यंत्रणेने मध्यवर्ती काम केले. १९८३ मध्ये आघाडी तुटली, नॅशनल पार्टीने ३९ टक्के मतांवर ४१ जागा जिंकल्या व दोन लिबरल आमदार पक्षांतर करून आल्याने तिला बहुमत लाभले. १९८६ मध्ये ८९ जागांच्या सभागृहात सुमारे ४० टक्के मतांवर ४९ जागा मिळाल्या. मजूर पक्षाची मते ४१ टक्के होती व जागा ३०.

लोकप्रियतेला भौतिक आधारही होता, हे विसरता येत नाही. बोवेन खोऱ्यातील कोळशाची जपानला होणारी निर्यात व त्यावरील रेल्वे-भाड्याचे उत्पन्न यांतून राज्याची तिजोरी भरली. १९७७ मध्ये वारसा कर पूर्णतः रद्द करणारे क्वीन्सलँड हे ऑस्ट्रेलियातील पहिले राज्य ठरले. दक्षिणेकडील निवृत्त लोक तेथे स्थायिक होऊ लागल्यावर इतर राज्यांनाही तेच करावे लागले. जमीन साफ करणाऱ्या शेतकऱ्याची दृष्टी शहरातही वावरत होती. २० एप्रिल १९७९ रोजी मध्यरात्रीनंतर, पोलीस बंदोबस्तात आणि जमलेल्या नागरिकांच्या विरोधास न जुमानता, ब्रिस्बेनमधील ऐतिहासिक बेलव्ह्यू हॉटेलची इमारत सरकारने पाडून टाकली.

संघराज्याशी संघर्ष

३० जून १९७५ रोजी क्वीन्सलँडचे मजूर पक्षाचे सिनेटर बर्टी मिलनर यांचे निधन झाले. रिक्त जागी त्याच पक्षाचा माणूस नेमण्याचा संकेत होता. न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री टॉम लुईस यांनी तो त्याच वर्षी आधी मोडला होता, हेही नमूद केले पाहिजे. मजूर पक्षाने सुचवलेले नाव नाकारून ब्येल्के-पीटरसन यांनी ॲल्बर्ट फील्ड यांना पाठवले. फील्ड नावापुरते मजूर पक्षाचे, पण व्हिटलम यांचे विरोधक होते. त्यांच्या पात्रतेस न्यायालयात आव्हान मिळाल्याने ते मतदानापासून दूर राहिले. तरीही मजूर पक्षाचे एक मत कमी झाले ते झालेच. सिनेटने अर्थसंकल्प अडवून धरला आणि ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर-जनरल जॉन केर यांनी व्हिटलम यांना पदच्युत केले. भारतात आणीबाणीचा अंमल चालू असताना घडलेल्या या घटनेची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. १९७७ मध्ये जनमत घेऊन राज्यघटनेत दुरुस्ती करण्यात आली व रिक्त जागा त्याच पक्षाकडे जाईल अशी तरतूद झाली. अलिखित संकेताचा भंग झाल्यावर तो लिखित करावा लागतो, हे या निमित्ताने दिसले.

मूळ रहिवाशांच्या जमिनीबाबतचा संघर्ष अधिक मूलगामी होता. विक समाजाचे जॉन कोवार्टा यांच्या पुढाकाराने केप यॉर्क द्वीपकल्पातील आर्चर नदीकाठचा एक पशुपालनाचा भाडेपट्टा संघीय निधीतून विकत घेण्याचे ठरले. व्यवहार इच्छुक विक्रेत्याशी, बाजारभावाने होता. राज्य सरकारने हस्तांतरणास मंजुरी नाकारली, कारण मूळ रहिवाशांकडे मोठी क्षेत्रे जाऊ नयेत हे मंत्रिमंडळाचे धोरण होते. कोवार्टा यांनी १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्याचा आधार घेतला. १९८२ मध्ये 'कोवार्टा विरुद्ध ब्येल्के-पीटरसन' या खटल्यात उच्च न्यायालयाने (तेथे हेच सर्वोच्च न्यायालय होय) चार विरुद्ध तीन मतांनी तो कायदा वैध ठरवला. आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संघीय संसद राज्याच्या क्षेत्रातही कायदा करू शकते, हे तत्त्व त्यातून पुढे आले. राज्यांच्या अधिकारांचे सर्वांत आक्रमक समर्थन करणाऱ्या मुख्यमंत्र्याच्या नावे असलेल्या खटल्यानेच राज्यांचे अधिकार आकुंचित केले.

त्याच वर्षी टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे एडी माबो व त्यांचे सहकारी यांनी पारंपरिक भूमिहक्कासाठी दावा दाखल केला. दावा प्रलंबित असतानाच १९८५ मध्ये राज्य विधानसभेने असे हक्क असलेच तर ते पूर्वलक्षी प्रभावाने नष्ट झाले आहेत, असे घोषित करणारा कायदा केला. साखळीने जमीन साफ करण्याचे हे कायदेशीर रूप म्हणता येईल. १९८८ मध्ये न्यायालयाने तो कायदा निष्प्रभ ठरवला, आणि ३ जून १९९२ रोजी माबो प्रकरणाचा अंतिम निकाल लागून भूमिहक्कास देशभर मान्यता मिळाली.

अखेरचे पर्व

१९७६ मध्ये पोलीस आयुक्त रे व्हिट्रॉड यांनी राजीनामा दिला. त्यांचा विरोध डावलून मंत्रिमंडळाने टेरी लुईस यांना सहायक आयुक्तपद दिले होते. आता लुईस आयुक्तच झाले. पोलीस दलातील लाचखोरीविषयी कुजबूज पुढील दशकभर चालू राहिली. सभागृहात विचारणारे कोणी नव्हते, कारण विचारण्याची यंत्रणाच नव्हती.

१९८७ च्या आरंभी ब्येल्के-पीटरसन यांनी पंतप्रधानपदाची मोहीम उघडली. तिच्यामुळे संघीय पातळीवरील लिबरल-नॅशनल आघाडी मोडली. पंतप्रधान बॉब हॉक यांनी संधी साधून मुदतपूर्व निवडणूक घोषित केली तेव्हा ब्येल्के-पीटरसन अमेरिकेत होते. ११ जुलै १९८७ रोजी हॉक पुन्हा विजयी झाले. दरम्यान ११ मे रोजी राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर पत्रकार ख्रिस मास्टर्स यांचा क्वीन्सलँडमधील पोलीस भ्रष्टाचारावरील कार्यक्रम प्रक्षेपित झाला होता आणि कार्यकारी मुख्यमंत्री बिल गन यांनी चौकशी घोषित केली होती. टोनी फिट्झजेराल्ड यांच्या अध्यक्षतेखालील ही चौकशी सुमारे दोन वर्षे चालली. तिच्यामागोमाग लुईस यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली व चार माजी मंत्री तुरुंगात गेले.

नोव्हेंबर १९८७ मध्ये पक्षच विरोधात गेल्याचे पाहून मुख्यमंत्र्यांनी मंत्रिमंडळाची पुनर्रचना करण्यासाठी राज्यपाल वॉल्टर कॅम्पबेल यांच्याकडे धाव घेतली. राज्यपालांनी त्यांना संपूर्ण मंत्रिमंडळ मोडू दिले नाही. तीन मंत्र्यांची मात्र गच्छंती झाली. २६ नोव्हेंबर रोजी पक्षाने माइक अहर्न यांना नेता निवडले, तरी ब्येल्के-पीटरसन पद सोडेनात. काही दिवस राज्यास पक्षनेता एक आणि मुख्यमंत्री दुसरा अशी अवस्था होती. राज्यपालांनी घाई न करता राजकीय उलगडा होऊ दिला, ही त्यांची भूमिका भारतीय राज्यपालपदाच्या अभ्यासकांनी तपासून पाहावी अशी आहे. १ डिसेंबर १९८७ रोजी राजीनामा आला.

१९८८ च्या अखेरीस फिट्झजेराल्ड चौकशीत साक्ष देताना त्यांना सत्ताविभाजनाच्या तत्त्वाचा अर्थ विचारण्यात आला. एकोणीस वर्षे शासन चालवलेल्या या माणसाला तो सांगता आला नाही. या प्रसंगावर आजही हसू येते. परंतु १९२२ नंतरच्या क्वीन्सलँडमध्ये ते तत्त्व त्यांना प्रत्यक्षात कोठे भेटले असते, हा प्रश्न हसणाऱ्यांनी स्वतःस विचारलेला आढळत नाही. २ डिसेंबर १९८९ रोजी वेन गॉस यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष बत्तीस वर्षांनी सत्तेवर आला. विभागवार रचना १९९१ मध्ये रद्द झाली, अतिविस्तीर्ण मतदारसंघांपुरती थोडी सवलत तेवढी ठेवण्यात आली. विधान परिषद मात्र परत आली नाही.

चौकशीत खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून १९९१ मध्ये ब्येल्के-पीटरसन यांच्यावर खटला चालला. ज्युरीचे एकमत झाले नाही. ज्युरीचा प्रमुख नॅशनल पार्टीच्या युवा शाखेचा सदस्य असल्याचे नंतर उघड झाले. वयाचा विचार करून फेरखटला चालवला गेला नाही. २००३ मध्ये त्यांनी चौकशीमुळे झालेल्या नुकसानीपोटी राज्याकडे सुमारे ३३.८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची मागणी केली. ती फेटाळण्यात आली. २३ एप्रिल २००५ रोजी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. किंगरॉय येथे शासकीय इतमामाने अंत्यविधी झाला, त्याच वेळी ब्रिस्बेनमध्ये १९७७ च्या मोर्च्यांतील काही जुने निदर्शक पुन्हा एकत्र आले होते. दफन बेथनीच्या शेतात झाले.